सरदारांचं दारूपात्र

संग्रहालयाच्या वेबसाइटवर स्पर्शाची सोय झाली आणि पहिल्याच सकाळी शेवंताबाई आल्या. डोळे गेलेल्या, म्हाताऱ्या सुईणबाई. स्पर्शमोजे चढवून त्या दूरच्या गावी घरबसल्या एकेक वस्तू चाचपत होत्या.

"हे सरदारांचं बंदुकीची दारू ठेवायचं पात्र," संग्रहालयातून अभिरक्षक खांबेटे ऐटीत म्हणाले. काचेआडच्या त्या चांदीच्या पात्रावर त्यांनी अख्खा प्रबंध लिहिला होता.

बाईंची बोटं पात्राच्या चोचीपाशी घुटमळली. "साहेब, हितं खालनं दोन बारके खळगे हायत."

"लढाईत लागलं असेल."

"न्हाई वो," त्या हसल्या. "हे बोंडलं हाय, लेकराला दूध पाजायचं. त्याला नुकतेच दोन दात आलेले."

खांबेट्यांनी तीस वर्षांत पहिल्यांदाच ते काचेचं कपाट स्वतः उघडलं आणि डोळे मिटून चोचीखाली अंगठा फिरवला.