दोरा बांधलेला दोडका

गच्चीतल्या वेलावरच्या सगळ्या दोडक्यांना आता पांढरे दोरे बांधलेले आहेत.

दोरा बांधला की तो दोडका बियाण्यासाठी राखलेला, त्याला कोणी हात लावायचा नाही, हा माझ्या सासऱ्यांचा नियम. रंगाच्या रिकाम्या डब्यांत स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं खत घालून तात्यांनी हा मळा फुलवला, तेव्हापासून दरवर्षी एकाच दोडक्याला दोरा असायचा. यंदा ते बांधलेलं विसरतात आणि रोज नवा दोडका निवडतात. घरात एवढा वेल, आणि मी दोडके बाजारातून आणते! वेलावरचे सगळे वाळून गेलेत. वारा आला की आतल्या बिया वाजतात, गच्चीभर खुळखुळ पसरते आणि तात्या डोळे मिटून ऐकत बसतात.

आज त्यांची बॅग भरून मी वर गेले. वृद्धाश्रमाची गाडी चारला येणार होती.

"तात्या, निघायचंय."

"अहो ताई, तुम्ही कोणाकडच्या?"

दोन महिने रोज हेच विचारतात. रोज मी चिडून सांगते, तुमची सून. आज सांगवेना.

खाली हॉर्न वाजला. तात्यांचं लक्ष नव्हतं. वेलावरचा दोडका निरखावा तसे ते मला निरखत राहिले. मग खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं, माझं मनगट हातात घेतलं आणि सावकाश गाठ मारली.

"ही राखायची," ते वेलाला सांगितल्यासारखं म्हणाले. "हिला कोणी हात लावायचा नाही."