मस्का कोणी लावला?

निनावी मजकूर कोणी लिहिलाय, ते लिहिण्याच्या लकबीवरून ओळखणारं सॉफ्टवेअर बनवून आमच्या सरांनी पीएचडी मिळवली. ‘ते चुकत नाही’ हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

यंदा निनावी अभिप्रायात सगळ्या वर्गाने सरांची पिसं काढली. एकाने मात्र पानभर आरती ओवाळली. हा मस्का लावणारा कोण? प्रॅक्टिकलच्या परीक्षेत आम्ही ते पान सरांच्याच सॉफ्टवेअरला दिलं. ताडून बघायला सगळ्या वर्गाचं लिखाण दिलं आणि वर भर म्हणून सरांच्या नोट्स.

स्क्रीनवर सरांचं नाव आलं.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई खाकरल्या. “सर, सॉफ्टवेअर चुकलं का हो?”

सरांनी घाम पुसला.



“छे! पैकीच्या पैकी द्या पोरांना.”