साडेचार तास मागे

काकांच्या कॉम्प्युटरवर मी नवीन ऑपरेटिंग सिस्टीम टाकत होतो. भाषा, कीबोर्ड, काहीही विचारलं तरी काका पेपरातून डोकं न काढता म्हणत, "तुला कळतं ते कर." काकू चहा घेऊन आल्या. त्यांचं मनगटी घड्याळ चक्क साडेचार तास मागे होतं. मी सांगितलं, तर "असू दे रे," म्हणत त्यांनी हात पाठीमागे नेला. एवढ्यात पुढचा प्रश्न आला: कोणत्या शहराची वेळ? काकांनी पेपर ठेवला, माउस ओढून घेतला आणि थेट लेकीचं शहर निवडलं. काकांच्या मनाविरुद्ध लग्न करून ती परदेशी गेल्यापासून घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. "काका, वेळ चुकीची दिसेल!" "दिसू दे. कॉम्प्युटर माझा आहे." पडद्यावर वेळ उमटली. काकूंचा हात पुढे आला. "काकू," मी म्हणालो, "तुमचं घड्याळ बरोबर आहे."