दरबारीचा गंधार

संगीत विभागाच्या खोलीत दोन तानपुरे, तीन कप चहा आणि अकरा वर्षं जुना एक वाद होता: दरबारी रागातला गंधार किती खाली लावायचा?

"अजून खाली," खांबेटे सर म्हणाले.

"अहो, विहिरीत पडेल तो!" साठम सर म्हणाले. "ऋजुताबाई, तुम्ही सांगा."

नोकरीत कायम व्हायला ऋजुताला दोघांच्याही सह्या हव्या होत्या. तिने मोबाइलवर सूर मोजणारं ॲप उघडलं. "सर, दोघंही गाऊनच दाखवा ना."

दोघेही गायले. खांबेटे सरांचाच गंधार वर निघाला, साठम सरांचा पार खाली.

"ॲप बिघडलंय!" दोघे एकदमच ओरडले.

"हो सर," म्हणत ऋजुताने अर्ज पुढे सरकवला. दोघांनी सह्या केल्या.

ॲप चालूच होतं. त्या ओरडण्यात दोघांच्या सुरांतला फरक शून्य हर्ट्झ होता.