निकालाचं पहिलं पान

“ताणा गुंडाळ,” कुतुबुद्दीन म्हणाला आणि निकालाची नक्कल त्याने मांडीवर पालथी घातली.

रोशनबीच्या हातातला खळीचा कुंचा तसाच राहिला. मोमीन आळीच्या मागच्या मोकळ्या पट्टीवर चाळीस हात ताणा, मागावर चढवायचं उभं सूत, काठ्यांवर पसरला होता. निम्म्या सुताला खळ लागली होती आणि ती अजून ओली होती. असा ताणा गुंडाळला की तार ताराला चिकटते. मग ते सूत मागावर चढत नाही, चुलीत जातं.

“वाळू तरी द्या. दुपारपतुर.”

“जागा आपली ऱ्हायली न्हाय. कचेरीचा कागद हाय.”

पट्टीच्या तोंडाशी गणपतराव उभा होता. त्याच्यामागे मुरूम भरलेली बैलगाडी. आपल्या गाड्या उभ्या करायला ही पट्टी त्याला हवी होती आणि तिच्यापायी त्याने दीड वर्षं कचेरीचे उंबरे झिजवले होते. आज सकाळीच त्याने सगळ्या गल्लीत गूळ वाटला होता.

“वाचलासा न्हवं, कुतुबचाचा? मला शेजारच्या अंबूबाईच्या जावयानं पैलं पान वाचून दावलं. मी कचेरीत जे बोललो, ते शब्दाला शब्द उतरलंय. महाराजांच्या शिक्क्याच्या कागदावर! म्हटलं बास, बाकीचं ऱ्हाऊ दे.”

“वाचलं,” कुतुबुद्दीन म्हणाला.

तो अक्षरं शिकला ती पन्नाशी उलटल्यावर. मोडीची ओळ त्याला अजून दमवायची. शब्द शब्दाला चिकटलेला, एक कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला ते कळायचं नाही. एक पान लावता लावता दिवस कासराभर वर आला होता. आणि त्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं, ‘सदरहू जागा वादीचे वडिलार्जित मालकीची असून प्रतिवादी मोमीन याचा तीवर काहीएक हक्क नाही.’ आणखी चार पानं होती. पण मेलेल्या माणसाची नाडी किती वेळ धरून बसायची?

“काढा मग काठ्या,” गणपतराव म्हणाला. “बैलं ताटकळल्यात.”

“बैलांची कीव येती व्हय तुमास्नी? बरं हाय,” रोशनबी म्हणाली. कुंचा खळीच्या घमेल्यात टाकून ती नवऱ्याकडे वळली. “आन् तुम्ही काय बोललासा, ते कुठं हाय त्यात?”

“कुठं म्हंजे?”

“कचेरीतनं आलासा तवा घसा बसला हुता तुमचा. आज्याचं नाव सांगितलं, जुन्या खुंट्यांचं सांगितलं, समदं सांगितलं म्हणत हुतासा. गणपतरावांचं शब्दाला शब्द उतरलं, आन् तुमचं तेवढं वाऱ्यावर गेलं?”

कुतुबुद्दीनला जमातीची पंचायत आठवली.

जमातीचे पंच बसतात तेव्हा तो दर खेपेला हजर असे. आधी तक्रारवाला बोलतो. त्याचं ऐकून कुणी उठून घरी जात नाही. गेलाच तर लोक त्याला खुळ्यात काढतील. मग दुसरा बोलतो. मग साक्षीला आलेले. आणि सगळ्यांचं झाल्यावर, दाढीवरून हात फिरवून, वडील पंच. कागदही तसाच बसत असला तर?

त्याने पानं सुलटी केली आणि पहिल्याच्या माथ्यावर बोट ठेवलं. सकाळी घाईत ओलांडलेले तीन शब्द तिथं दाराशी उभे होते. ‘वादीचे म्हणणे येणेप्रमाणे.’

“हे सरकार बोलत न्हाय,” तो हळूच म्हणाला. “हे गणपतराव बोलत्यात.”

“मग! तेच तर सांगतोय की मगाधरनं,” गणपतराव म्हणाला. “मीच बोलतोय!”

कुतुबुद्दीनने पान जवळ ओढलं. आता तो अक्षर अक्षर लावत बसला नाही. बोलणारा कुठं बदलतो, तेवढंच शोधत त्याचं बोट खाली सरकत गेलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर ते थांबलं. ‘प्रतिवादीचा जबाब.’ खाली त्याच्या आज्याचं नाव होतं. मग साक्षी आल्या. त्या त्याने सोडून दिल्या. शेवटच्या पानावर ‘सबब हुकूम’ सापडलं, म्हणजे सरकारचं स्वतःचं बोलणं, आणि तिथून मात्र त्याने मोठ्याने वाचायला घेतलं. एकेक शब्द सोडवून, थांबत थांबत.

‘वादीचा मालकीचा दावा रद्द. दिवस उगवल्यापासून दोन प्रहरपर्यंत प्रतिवादीने सदरहू जागेत ताणा पसरावा. तदनंतर जागा मोकळी करावी व वादीच्या गाड्यांस मज्जाव करू नये.’

रोशनबीने घमेल्यातला कुंचा उचलला आणि ती ताण्याच्या कोरड्या टोकाकडे गेली.

गणपतरावाने कागद मागून घेतला. वाचता येत नसूनही त्याने तो वरपासून खालपर्यंत बघितला.

“मग माझं कशाला लिवलं त्येंनी? आन् ते बी पैल्या पानावर?”

“तुमचं ऐकलं म्हून लिवलं.”

“नुसतं ऐकलं?”

“नुसतं ऐकलं.”

गणपतरावाने गाडीवाल्याला हाताने मागे फिर म्हणून खूण केली. स्वतः मात्र गेला नाही. तो कुतुबुद्दीनच्या शेजारी जमिनीवरच टेकला आणि कागद त्याच्या हातात परत दिला.

“चाचा, तुमचं बोलणं वाचा.”

“आता कशाला? निकाल तर झाला की.”

“त्या दिशी माझं बोलून झालं आन् मी पाणी प्यायला भाईर गेलतो,” गणपतराव म्हणाला. “तुम्ही काय बोललासा, ते मी ऐकलंच न्हाय.”