खोटं अंडं

कोंबडीनं टोपल्यातच अंडी घालावी, म्हणून मी त्यात प्लास्टरचं एक खोटं अंडं ठेवलं होतं. घरीच ओतलेलं, भरीव. ती खुडूक होऊन उबवायला बसल्यावर खरी नऊ अंडी तिच्याखाली सरकवली आणि खोटं काढायला विसरले. विसराळूपणात माझा हात धरणारी अख्ख्या जरीपटका वस्तीत कोणी नाही.

एकविसाव्या दिवशी नऊही पिल्लं निघाली आणि टोपल्याबाहेर कुडकुडत चिवचिवू लागली. कोंबडी मात्र खोट्या अंड्यावरून हलेना. दाणाही शिवेना.

"काढ न वं ते," शेजारच्या मायाबाई म्हणाल्या. "पिल्लं थंडीनं मरून राहिले."

चोचीचे दोन फटके खाऊन मी अंडं ओढून काढलं. ते गरम होतं. असणारच, म्हटलं.

मायाबाईंनी ते हातात घेतलं, कानाशी नेलं आणि लगेच मला परत दिलं. "तूच आयक."

आतून टकटक येत होती.

"अहो, भरीव आहे ते. मीच तर ओतलं."

कोंबडी उठली. कुडकुडणाऱ्या पिल्लांना ओलांडून माझ्या पायाशी आली आणि पिल्लांना दाण्यावर बोलावतात तशी हळूच कुककुकली.

नऊही पिल्लं गप्प झाली.

माझ्या मुठीतून तिला उत्तर आलं.