सुलभाचा कलश

सुलभा गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी मांजरी गावातल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करत होतो. तिच्या अस्थींसाठी स्टीलचा कलश मीच बनवला.

"बाबा, आतून गॅस कशाला सोडताय? बाहेरून छान दिसतंय की," मुलगी म्हणाली.

"गॅस नसला तर जोड आतून काळा पडतो."

"पण आत कोण बघणार आहे?"

"तुझी आई. आत बघितल्याशिवाय तिनं कधी भांडं घेतलंय का?"

संगम घाटावर गुरुजी झाकण उघडा म्हणाले. अस्थी ठेवल्यावर सवयीनं मी तेही पक्कं वेल्ड केलं होतं.

"मग आता काय नारळानं फोडू?" गुरुजींनी विचारलं.


घरी कलशाशेजारीच जोड कापायचा ग्राइंडर आहे, पण विसर्जन अजून राहिलंय.